पाहुणा यावा, वाडी राहावी

वडोदऱ्याच्या फतेगंज भागात सायंकाळ झाली की भोजनगृहांचे दिवे एकामागून एक लागू लागतात. रेल्वे स्थानक जवळ, विश्वविद्यालय जवळ. त्यामुळे विद्यार्थी, नोकरदार व उतारू ह्यांची येथे सदैव वर्दळ असते. परगावच्या माणसास जेवू घालणे हाच येथील पुष्कळांचा चरितार्थ होय. ज्यास आपण पाहुणचार म्हणतो, तो येथे धंदा झालेला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रामाणिकपणे रांधलेले अन्न रास्त दराने वाढणे हे सत्कृत्यच आहे.

गेल्या उन्हाळ्यात वसईकडील एक गृहस्थ आपल्या मुलास भेटावयास येथे आले होते. मुलगा महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात शिकतो. तिघे मिळून आम्ही एका लहानशा खानावळीत जेवावयास बसलो. ताटे मांडणारा मुलगा छोटाउदेपूरकडील डोंगराळ भागातला होता. सहज विचारपूस केली तेव्हा कळले की, घरी चार बिघे जमीन आहे, परंतु ती पावसावर अवलंबून. म्हणून हा आठ महिने येथे राहतो. “गावी पाहुणा आला तर आई कोंबडी कापते,” तो हसून म्हणाला, “आणि येथे मी पाहुण्यापुढे बिल ठेवतो.”

त्याचे ते वाक्य ऐकून आमचे वसईकर स्नेही गप्प झाले. जेवण आटोपल्यावर त्यांनी आपल्या मनातील गाठ सोडली. गावी त्यांची सव्वा एकराची वाडी आहे. नारळ, केळी, थोडा मोगरा, एक गोड्या पाण्याची विहीर व कोपऱ्यात वाडवडिलांचे बावखल. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ती वाडी दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागितली होती. तेथे सहलकरूंसाठी खोल्या बांधावयाच्या, बावखल बुजवून मोटारींसाठी जागा करावयाची आणि मालकास दरमहा ठरलेली रक्कम द्यावयाची, असा बेत होता. “फादर,” ते म्हणाले, “शेती परवडत नाही. मुलगा परत वाडीत येईल की नाही, ठाऊक नाही. घरच्यांना वाटते सही करावी. तुम्ही काय म्हणता?”

आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. सुचले असते तरी घाईने देणे योग्य नव्हते. कारण एकदा बुजविलेले बावखल सहसा पुन्हा खणले जात नाही. पुढे आम्ही काही वाचले, काही जाणत्या माणसांस विचारले. असाच प्रश्न आज आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांपुढे उभा आहे, म्हणून जे समजले ते येथे मांडीत आहो.

प्रथम आमच्या जवळचेच उदाहरण घेऊ. वडोदऱ्याहून सुमारे नव्वद किलोमीटरवर नर्मदाकाठी केवडिया हे गाव आहे. आता त्यास एकतानगर म्हणतात. ५ एप्रिल १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू ह्यांनी तेथे नर्मदा प्रकल्पाची पायाभरणी केली आणि प्रकल्पाच्या वसाहतीसाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम व गोरा ह्या सहा गावांची जमीन संपादण्यात आली. ही बहुतांशी आदिवासींची गावे. पुढे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे उद्‌घाटन झाले आणि त्या परिसरात तंबूंची नगरे, हॉटेले व उद्याने उभी राहिली. लक्षावधी लोक तेथे येतात. गावकऱ्यांपैकी काहींना मजुरी मिळाली, काहींनी दुकाने थाटली, काहींनी घरातील खोल्या पाहुण्यांस दिल्या. हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि आपल्या जुन्या जमिनीचा व मोबदल्याचा प्रश्न घेऊन गावकऱ्यांस न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, हेही तितकेच खरे. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पर्यटक आले म्हणजे गावाचे कल्याण झाले, असे आपोआप होत नाही. जमीन कोणाच्या हाती आहे, ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते. जमीन हाती असलेला मनुष्य यजमान असतो. ती हातची गेली म्हणजे त्याच अंगणात तो नोकर होतो.

ह्याच गुजरातेत याहून निराळा मार्गही चोखाळला गेला आहे. कच्छमध्ये भूजच्या उत्तरेस बन्नी नावाचा गवताळ प्रदेश आहे. तेथील होडका गावी हालेपोत्रा हे पशुपालक मुसलमान व चामड्याचे आणि भरतकामाचे कसब जाणणारे मेघवाळ असे दोन्ही समाज नांदतात. भारत सरकार व संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम ह्यांनी मिळून ग्रामीण पर्यटनाची एक योजना आखली होती. तिच्यात ह्या गावाची निवड झाली आणि तेथे ‘शाम-ए-सरहद’ नावाचे अतिथिगृह उभे राहिले. ‘सरहद्दीवरील सायंकाळ’ असा त्या नावाचा अर्थ. तेथे सिमेंटचे मजले नाहीत. मातीच्या गोल भिंती व वर शंकूच्या आकाराचे गवती छप्पर, असे ‘भुंगे’ पाहुण्यांसाठी बांधले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पुष्कळ पक्की घरे कोसळली असता असे भुंगे मोठ्या प्रमाणात तग धरून राहिले, हे कच्छी माणूस अभिमानाने सांगतो. अतिथिगृहाचा कारभार गावाच्या समितीकडे असतो. हिवाळ्यात ते चालते, उन्हाळ्यात बंद राहते.  गावकऱ्यांनी आपले घर, आपले कसब व आपला ऋतू सोडला नाही. उलट त्या तिन्हींवरच व्यवसाय उभारला. येथे शिकण्यासारखे हेच आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात पुरुषवाडी हे महादेव कोळी समाजाचे डोंगरातील गाव आहे. त्याची कथा सांगण्यापूर्वी एका धर्मगुरूचे स्मरण करणे आम्हांस कर्तव्य वाटते. येशूसंघाचे फादर हर्मन बाखर हे १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त भागात त्यांनी आयुष्य वेचले. डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी माथ्यावरच अडवावे, तेथून पायथ्याकडे यावे, हे सूत्र त्यांनी गावोगाव रुजविले. समतल चर खणावे, नाल्यांस बांध घालावे, मोकाट चराई बंद करावी, कुऱ्हाड आवरावी आणि हे सर्व गावाने स्वतःच्या श्रमदानाने व स्वतःच्या ठरावाने करावे, असा त्यांचा आग्रह असे. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. २०२१ साली फादर बाखर देवाघरी गेले.

ह्या संस्थेचे पाणलोटाचे काम पुरुषवाडीतही झाले. प्रथम डोंगर सावरला, पाणी मुरले, शेतीस आधार आला. आणि त्यानंतर ग्रासरूट्स ह्या संस्थेच्या साहाय्याने गावाने पाहुण्यांस बोलाविले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भूमी, मग गाव, मग पाहुणा. पाहुणा गावकऱ्यांच्या घरी जेवतो. भाकरी, पिठले, हातसडीचा तांदूळ असे जे घरात शिजते तेच त्याच्या ताटात पडते. कोणाच्या घरी जेवण, कोणी वाट दाखवावयाची, ह्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, म्हणजे एकाच घराची भरभराट होऊन शेजारी हात चोळीत बसत नाही. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निधीत जातो.

पावसाळ्याच्या तोंडावर ह्या डोंगरांत काजवे चमकतात आणि ते पाहावयास शहरांतून झुंडी लोटतात. भंडारदऱ्याच्या परिसरात अशा रात्री मोटारींच्या रांगा लागतात. वास्तविक काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची परस्परांस दिलेली हाक होय. मोटारींचे झोत व हातातील विजेऱ्या ह्यांच्या उजेडात ती हाक हरवते. झाडाखालील गवतात बसलेले जीव पायांखाली चिरडतात. ज्या नवलासाठी लोक येतात, तेच लोकांच्या पायी नष्ट व्हावयाची पाळी येते. म्हणून वनखात्यास निर्बंध घालावे लागले. जेथे गाव स्वतः पाहुण्यांची संख्या ठरविते, त्यांस पायी नेते व दिवा मालविण्यास सांगते, तेथेच हा व्यवसाय पुढील पिढीस पुरेल. पाहुण्यास ‘आज जागा नाही’ असे नम्रपणे सांगता येणे, हीही यजमानाची एक विद्या आहे.

दूरच्या देशांतही हा विचार झालेला आहे. इटलीत १९८५ साली शेतावरील पाहुणचारासंबंधी कायदा झाला. त्यात अशी अट घालण्यात आली की, शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा तिला जोडून, तिला पूरक असला पाहिजे. शेत विकून हॉटेल काढणाऱ्यास त्या कायद्याचा लाभ नाही. आपल्या देशातही केंद्र सरकारची घरगुती निवास-न्याहारीची योजना आहे. तीत एक ते सहा खोल्यांपर्यंतच मुभा असून मालकाने कुटुंबासह त्याच घरी राहिले पाहिजे, असा दंडक आहे. महाराष्ट्रात बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे ह्यांनी कृषी पर्यटनाचा पाया घातला, त्यास आता वीसेक वर्षे झाली. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही मंजूर केले. शेतकऱ्याने शेतकरी राहूनच पाहुणा घ्यावा, हाच ह्या सर्वांमागील हेतू आहे.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. कारण केवळ सद्‌भावनेने चूल पेटत नाही.

पहिला हिशेब पाण्याचा. शहरातील पाणीपुरवठ्याची योजना आखताना दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात; खेड्यातील नळयोजनेसाठी ५५ लिटर धरले जाते. म्हणजे शहरासारखी सोय केलेल्या घरी दहा पाहुणे उतरले तर एका दिवसास १,३५० लिटर पाणी हवे. तेवढ्यात गावची चोवीस माणसे आपला दिवस काढतात. पोहण्याचा हौद बांधला तर गोष्ट निराळीच! वसईच्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. विहिरींतील गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले आणि अतिउपशाने समुद्राचे खारे पाणी आत शिरण्याचे भय उभे राहिले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न अजून ताजा आहे. बावखल म्हणजे रिकामा खड्डा नव्हे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि विहिरीस गोड ठेवते. म्हणून पाहुण्यांसाठी खोली बांधण्यापूर्वी मे महिन्यात विहिरीत दोर सोडून पाणी किती उरते ते मोजावे. जेवढे उरते तेवढेच पाहुणे.

दुसरा हिशेब सांडपाण्याचा व केरकचऱ्याचा. न्हाणीघराचे पाणी केळीच्या व नारळाच्या आळ्यांत वळविता येते. मात्र शौचकूप विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या बाजूसच असावा. ओला कचरा खतखड्ड्यात जाईल. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे काय करावयाचे, हे पाहुणा येण्यापूर्वीच ठरवावे. तांब्याभांड्यातून उकळून गार केलेले पाणी दिले तर पाहुणा नाराज होत नाही. बहुधा खूषच होतो.

तिसरा हिशेब बाजाराचा. पाहुण्याने दिलेला रुपया गावात किती फिरतो? भाजी शेजारणीची, मासळी कोळीणबाईची, अंडी पलीकडच्या आळीतील, सुकेळी आगाशीची, असे असेल तर एका घरच्या पाहुण्यामुळे दहा घरांत मीठभाकर जाते. केरळातील कुमरकोम येथे २००८ पासून हाच प्रयोग झाला: ‘कुटुंबश्री’च्या स्त्रियांच्या गटांनी भाजीपाला पिकवावा आणि तेथील मोठ्या हॉटेलांनी तो विकत घ्यावा. गावाबाहेरून सारे आणून केवळ गावाची हवा विकणे, ह्यास पाहुणचार म्हणता येणार नाही.

चौथा हिशेब कागदपत्रांचा. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो आपल्या भाषेत वाचून घ्यावा आणि आपल्या विश्वासाच्या वकिलास दाखवावा. समोरच्या पक्षाचा वकील तो आपला वकील नव्हे. मुदत किती, मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचे, विहिरीवर हक्क कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. कुलमुखत्यारपत्र घाईने कोणासही देऊ नये. स्वतः व्यवसाय करावयाचा तर ग्रामपंचायत किंवा महापालिका, पर्यटन खाते व अन्न-परवाना ह्यांची नोंदणी करावी, आलेल्यांची नावे वहीत लिहावी आणि पाहुणा परदेशी असल्यास चोवीस तासांच्या आत सरकारात कळवावे.

पाचवा हिशेब बहुधा कोणी मांडीत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम मांडतो. तो घरच्या स्त्रीचा हिशेब होय. मम्रेच्या झाडाखाली अब्राहामाने तीन वाटसरूंचे स्वागत केले, ही कथा आपण आवडीने सांगतो. परंतु पीठ सारेने मळले. बेथानीच्या घरी मार्था कामाने त्रासून गेली, तेव्हा तिची तक्रार प्रभूने ऐकून घेतली. पाहुणे शनिवार-रविवारी येतात. म्हणजे ज्या दिवशी कुटुंबाने विसावा घ्यावा, एकत्र मिस्साला जावे, त्याच दिवशी गृहिणीच्या कमरेस पदर खोचलेला! तेव्हा कामाची वाटणी पुरुषांनी व मुलांनीही उचलावी, मदतीस येणाऱ्या बाईस पुरती मजुरी द्यावी आणि उत्पन्नाचा वाटा गृहिणीच्या नावे तिच्या खात्यात जमा व्हावा. रविवारी न्याहारी मिस्सा आटोपल्यावर, हा नियम पाहुण्यांस आधीच सांगितला तर सज्जन पाहुणे तो आनंदाने पाळतात. ज्यांना तो पाळवत नाही, त्यांनी दुसरीकडे उतरावे.

कोणी म्हणेल, ह्या साऱ्या अटी पाळून पैसा तो किती मिळणार? खरे आहे, दोन खोल्यांच्या पाहुणचारातून बंगला उभा राहत नाही. पावसाळ्यात पाहुणे कमी होतात, एखाद्या साथीच्या वर्षी मुळीच येत नाहीत. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा पर्यटनावरच सर्वस्वी विसंबून राहिलेल्यांची कशी दैना झाली, ती आपण पाहिली. मात्र ज्याच्या वाडीत केळी होती, त्याच्या घरी केळी होतीच! म्हणूनच पाहुणचार हा शेतीचा जोडधंदा असावा, शेतीचा वारस नव्हे. कर्ज काढून दहा खोल्या बांधण्यापेक्षा जुन्या घराच्या दोन खोल्या शाकारून, रंगवून, स्वच्छ न्हाणीघर करून आरंभ करणे शहाणपणाचे. आणि शक्य तर एकट्याने नव्हे; चार शेजारी मिळून पाळीने पाहुणे घ्यावे.

आमच्या वसईकर स्नेह्यांस आम्ही हेच लिहून कळविले. सही करू नका, असे आम्ही म्हटले नाही. संसार त्यांचा, ओझे त्यांचे. आम्ही एवढेच विचारले की, करारावर सही केल्यावर आपल्या वाडीत आलेल्या पाहुण्यास ‘या, बसा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

त्यांचे उत्तर मे महिन्याच्या अखेरीस आले. विहीर मोजली, तळाशी दीड पुरुष पाणी आहे, म्हणजे एका वेळी सहा पाहुण्यांहून अधिक नको, असे घरात ठरले. व्यापाऱ्यास अद्याप नकार कळविलेला नाही. घरात वाद चालू आहे, थोरल्या भावास रोख रक्कम हवी आहे. धाकट्या मुलाने मात्र सुट्टीत गावी जाऊन बावखलातील गाळ उपसावयास घेतला आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी आम्हांस निमंत्रण दिले आहे. खोली तयार होवो वा न होवो, पावसाळ्यानंतर वाडीत येऊन जा, असे ते लिहितात. आम्ही जाणार आहो. वाचकांपैकी ज्यांच्यापुढे असाच प्रश्न आला असेल, त्यांनीही सहीची लेखणी हाती घेण्यापूर्वी एकदा विहिरीत दोर सोडून पाहावा.